शेडच्या दारावरच्या खुणा

१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रोपवाटिकेवाला सारखा विचारतोय, मोकळ्या तुकड्यात सफरचंद लावणार की अंजीर? सफरचंदाला कडक थंडी लागते, अंजिराला नाही. एकदा लावलं की पुढची तीस वर्षं तेच. पिंपातल्या पाण्यावर सकाळी बर्फ धरला की आप्पा शेडच्या दारावर चाकूनं खूण करतात, हे तुला ठाऊकच आहे. यंदा अठ्ठावन्न खुणा झाल्या. मी पडलो सूर्यवंशी, बर्फ काही पाहिला नाही! तू हवामान कचेरीतली, तूच सांग काय लावू.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
धाकटा

२ मार्च

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

सफरचंदाला असे पन्नास दिवस पुरेत. आमच्या यंत्रात यंदा जेमतेम बारा दिसतात. पण ते शहरातल्या गच्चीवर, तापलेल्या पत्र्यांच्या मधोमध. आप्पांच्या दारापुढे त्याची काय मातब्बरी? त्या खुणा मोजतच मी शंभरापर्यंत शिकले. खुशाल सफरचंद लाव. आणि जरा लवकर उठत जा!

आप्पांना नमस्कार, तुझ्यावर लोभ.
ताई

४ मे

चि. पोरीस,
अ. उ. आ.

आपल्या सफरचंदाच्या जुन्या झाडांना यंदा फुलोरा आलाच नाही. धाकट्यानं सफरचंदाची तीनशे रोपं लावलीत आणि आता रोग समजून जुन्या झाडांवर औषधं मारत सुटलाय. बर्फ अकराच दिवस धरला होता. थंडी गेली हे कळलं तर तो जमीन विकून शहर गाठेल, या धास्तीनं बाकीच्या खुणा मीच कोरल्या. आज नाही तर उद्या धरेल, असं म्हणत चाकू चालवत गेलो. त्याला सांगायला माझी जीभ रेटत नाही. तू त्याच्या कानावर घाल.

चुकलो, तरी माया असू दे.
आप्पा

९ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तीनशेच्या तीनशे रोपं उपटली. शेवटच्या ओळीला हात चालेना, तिथंच बसून रडलो. आता अंजिरासाठी खड्डे घेतलेत. तू सांगितलंस त्या दिवसापासून आप्पांना मी काही विचारलं नाही, तेही विषय काढत नाहीत. गुडघ्यांमुळे त्यांना अंगणात उतरवत नाही. रोज सकाळी खिडकीतून विचारतात, बर्फ धरला का.

हल्ली मी त्यांच्याआधी उठतो. आजही पिंपात नुसतं पाणी होतं. धरला, म्हणालो, आणि त्यांच्यादेखत दारावर खूण केली. ही बत्तिसावी. तुझ्या कचेरीच्या वहीत मात्र यंदाचे शून्य लिही.

लोभ असावा, दोघांवरही.
ठोंब्या