एका बाळासाठी कुपी उघडल्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
प्रसूती व बालरुग्णालय.

विषय : हिपॅटायटीस बी लसीच्या नऊ मात्रा वाया घालवल्याचा खुलासा, तसेच काल जन्मलेल्या बाळासाठी लसीचा फ्रिज उघडण्याची परवानगी आज सायंकाळी सहाच्या आत मिळणेबाबत.

संदर्भ : १) गेल्या सोमवारची आपली कारणे दाखवा नोटीस. २) आपल्या शिपायाशी आज सकाळी फोनवर झालेले बोलणे.

महोदय,

मी या रुग्णालयाच्या प्रसूती कक्षात एकोणीस वर्षे परिचारिका आहे. दहा मात्रांची कुपी एकाच बाळासाठी उघडून उरलेल्या नऊ मात्रा मी वाया का घालवल्या, असे मला नोटिशीत विचारले आहे. त्याचा खुलासा सादर करते.

१. आईच्या रक्तात ही हिपॅटायटीस बीची कावीळ असेल तर बाळंतपणात ती बाळाला लागू शकते. ते टाळायचे तर बाळाला चोवीस तासांच्या आत लस टोचावी लागते. हे मी आपल्याला सांगावे असे नाही. आपल्याच सहीचा तक्ता आमच्या कक्षाच्या भिंतीवर आहे. त्याच तक्त्यात खाली बारीक अक्षरांत असेही लिहिले आहे, की उघडलेली कुपी नीट थंड ठेवली तर अठ्ठावीस दिवस वापरता येते. म्हणजे उरलेल्या नऊ मात्रा पुढच्या बाळांना चालल्या असत्या.

२. त्या चालल्या नाहीत, कारण भांडारपालांच्या नोंदवहीत दोनच रकाने आहेत : भरलेल्या कुप्या आणि रिकाम्या कुप्या. मी कुपी परत केली तेव्हा ते डोके धरून बसले. म्हणाले, "सिस्टर, ही आता कुठे लिहू मी? भरलेली म्हणावं तर उघडलीय, रिकामी म्हणावं तर आत औषध आहे." मी म्हटले, समासात लिहा. समासात लिहिलेले तपासणीला चालत नाही म्हणे. शेवटी त्यांनी ती मोरीत ओतली, रिकाम्यांच्या रकान्यात लिहिली आणि शाई वाळायच्या आत माझ्याविरुद्ध अहवाल धाडला. ते वाईट गृहस्थ नाहीत. रकान्याबाहेरचे त्यांना दिसत नाही, इतकेच.

३. "पुरेशी बाळे जमेपर्यंत" मी थांबायला हवे होते, असे नोटिशीत म्हटले आहे. त्या दिवशी आमच्याकडे एकच बाळ जन्मले. बाकीच्या बाया घरी बसून राहिल्या याबद्दल कक्षाच्या वतीने दिलगिरी व्यक्त करते. यापुढे गर्भवतींनी दहा-दहाच्या गटाने, शक्यतो कामकाजाच्या दिवशी अकरा ते पाचच्या दरम्यान बाळंत व्हावे, असे परिपत्रक आपण काढल्यास मी ते प्रत्येकीला वाचून दाखवीन. कळा सुरू असताना वाचावे की आधी, तेवढे कळवावे.

४. मला थांबता येत नाही असे नाही. सहा वर्षांपूर्वी मी थांबले होते. शनिवार होता, बाळ एकच होते आणि आईला ही कावीळ असल्याचा अहवाल माझ्या हातात होता. भांडारातून सांगितले, "अजून दोघी-तिघी येऊ द्या की." मी मान डोलावली. आईला म्हटले, सोमवारी बघू. रविवारी तिला घरी सोडले, आणि सोमवारी मी विसरले. ही बाई शिवणकाम करते. गेल्या महिन्यात ती मुलीला तपासणीला घेऊन आली. मुलगी चुणचुणीत आहे, पुढचे दोन दात पडले आहेत. कावीळ तिच्या रक्तात आहे आणि बहुधा जन्मभर राहील. आईने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "सिस्टर, तुम्हीच ना तेव्हा सोमवारी बघू म्हणालात?"

त्या वर्षी लसीची नासाडी शून्य ठेवल्याबद्दल आपल्या रुग्णालयाला ढाल मिळाली. ती आपल्या खुर्चीच्या मागे टांगलेली आहे. सह्या घ्यायला येते तेव्हा मला तिच्याकडे बघावे लागते आणि लाज वाटते. आपल्यालाही वाटावी असे मला वाटते, पण तो खुलाशाचा भाग नाही.

५. आता परवानगीबाबत. नोटिशीबरोबरच फ्रिजची किल्ली माझ्याकडून काढून भांडारपालांना देण्यात आली. काल शुक्रवारी सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कक्षात एक मुलगा जन्मला. त्याच्या आईला ही कावीळ आहे. भांडारपाल पाचच्या ठोक्याला किल्ली खिशात घालून गावी गेले. फोनवर त्यांनी विचारले, "दुसरं बाळ आहे का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग सोमवारी या." आपल्या बंगल्यावर फोन केला तर शिपाई म्हणाला, "साहेब आराम करतायत. लेखी द्या, सोमवारी टेबलावर ठेवतो." म्हणून हे लेखी. दुसऱ्या दवाखान्यात विचारले, तर त्यांनी जिथे जन्मला तिथेच टोचा म्हणून वाटेला लावले.

६. बाळाचे वडील लिफ्ट दुरुस्त करतात. सकाळपासून औषधांची अकरा दुकाने पालथी घालून आले. मोठ्यांची लस मिळते, तान्ह्याची नाही. आता बाकावर बसून घड्याळ बघत आहेत. मघाशी म्हणाले, "सिस्टर, अडकलंय कुठे नेमकं? सांगा, मी बघतो." एकोणीस वर्षांत मला इतका साधा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

७. तरी विनंती, की परवानगी द्यावी. देता येत नसेल तर "या बाळाला लस देऊ नये" एवढी एक ओळ आपल्या हाताने लिहून खाली सही करावी. मी तत्काळ थांबेन. तोंडी थांबवणारे पुष्कळ भेटले, लेखी थांबवणारा अजून भेटलेला नाही.

८. इथपर्यंतचा अर्ज तीन वाजता शिपायाला फोनवर वाचून दाखवला. पाच वाजून वीस मिनिटांपर्यंत वाट पाहिली. उत्तर नाही. बाळाच्या वडिलांकडून छिन्नी आणि हातोडी मागून घेतली. हत्यारे त्यांची, घाव माझे. त्यांना यात ओढू नये. चौथ्या घावाला कुलूप तुटले. पाच पस्तीसला बाळाला लस दिली. चांगले खणखणीत रडले.

कुपीवर उघडल्याची तारीख चिकटवून ती फ्रिजमध्ये परत ठेवली आहे. तीत नऊ मात्रा आहेत. सोमवारी त्या मोरीत गेल्या तर त्याचा खुलासा माझ्याकडे मागू नये.

सबब, विषयात मागितलेल्या परवानगीची आता गरज उरलेली नाही. तेवढा भाग खोडून हा अर्ज दुसऱ्या नोटिशीचा आगाऊ खुलासा समजावा.

अजून तरी आपली कर्मचारी,
(सही)
परिचारिका, प्रसूती कक्ष
शनिवार, सायंकाळी पाच वाजून पन्नास मिनिटे

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) भिंतीवरचा तक्ता, आपल्या सहीसह.
३) कुलूप, तुटलेले. प्रत काढता येत नसल्याने मूळच जोडले आहे.