भीती काढून घे

३ मार्च
आजपासून इस्पितळात रुजू. शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरात माशा मारत बसले होते. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी हे काम सुचवलं आणि मी एका पायावर तयार झाले. ऑपरेशनला निघालेल्या पेशंटजवळ बसायचं, ज्याला हवी त्याच्यासाठी प्रार्थना करायची. मोठ्या सिस्टरांनी वॉर्ड दाखवला, खुर्ची दिली आणि डॉक्टरांच्या पायात येऊ नका म्हणून प्रेमाने दटावलं. पहिलाच पेशंट ट्रकड्रायव्हर. पहाडासारखा गडी, पण हात गार पडलेले. ते हातात घेऊन म्हटलं, ‘प्रभू, याची भीती काढून घे.’ मॉनिटरवरचे ठोके एकशे अठरावरून बहात्तरवर आले. सिस्टर म्हणाल्या, गोळीसुद्धा इतक्या लवकर लागू पडत नाही. घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

९ मार्च
आता बोलावणी येतात. आज सहा जण, सगळे निवांत झाले. फक्त ड्रायव्हरचं ऐकून बरं वाटलं नाही. बायको ओरडत असताना त्याने स्वतःचे टाके उसवले, आत काय आहे ते बघायला. दुखलं खूप, म्हणाला, पण त्यात घाबरायचं काय?

१४ मार्च
शिवणकाम करणाऱ्या बाई गेल्या. परवाच त्यांच्यासाठी प्रार्थना केली होती. आज घरी सोडलं आणि फाटकाबाहेरच मोटारीखाली आल्या. त्यांचा मुलगा सांगत होता, आईने मोटार पाहिली होती. पाहिली आणि चालत राहिली.
पाळकसाहेब म्हणतात, योगायोग. मी आता कुणासाठीही प्रार्थना करणार नाही.

१८ मार्च
धाकटी बहीण दाखल झाली. पित्ताशयातले खडे. नुसती थरथरतेय. मेहुणे काकुळतीला आले, ताई, परक्यांना धीर देता आणि सख्ख्या बहिणीला नाही? ‘हिला बळ दे’, एवढंच म्हणायचं ठरवलं. तोंडातून जुनंच निघालं, ‘भीती काढून घे.’
तिचा हात सैल पडला —

१९ मार्च
ऑपरेशन नीट झालं. तिच्या लेकीचा रडत फोन आला, मी पुढे केला तर तिने घेतला नाही. मला विचारते, ताई, काळजी म्हणजे काय करतात गं?
लिहवत नाही. असं जगवत नाही — मी स्वतःसाठीच ती प्रार्थना —

२० मार्च, दुपार
छान झोप लागली. बहिणीजवळ बसलेय. पट्टीतून रक्त येतंय, चादर भिजली. ती बघतेय, मीही. तिचे ओठ पांढरे झालेत. सिस्टरांना बोलवायची बेल माझ्या हाताशी आहे. दाबायला हवी, कळतंय. दाबतेच. एवढं वाक्य पुरं झालं की