जिजीची गोधडी

१ डिसेंबर
आले बाई एकदाची नातीकडे. उल्हासनगरला जीन्सच्या फॅक्टरीत धागे कापण्यात जन्म गेला, आता बदलापूरच्या पुढे जंगलखात्याच्या क्वार्टरमध्ये राणीसारखी बसलेय. माझी स्वप्नाली वनरक्षक आहे. खाकी वर्दी काय, पट्टा काय, बघत राहावं. तिची तान्ही जिज्ञासा, म्हणजे माझी जिजी, आता मीच सांभाळणार. तिच्यासाठी माझ्या लग्नातल्या लुगड्याची गोधडी शिवलीय, कडेला जीन्सच्या चिंध्या. शेजारच्या सिंधी भाभीने किती मागितली, नाही दिली. डायरी स्वप्नालीनेच दिली. म्हणाली, आज्जी, दुसरी पास आहेस ना, मग हिच्यात बोल, माझे कान सुटतील.

३ डिसेंबर
पाड्यावरच्या नवसीच्या शेतात पेंढ्याखाली बिबट्याचं पिल्लू सापडलं. मांजराएवढं. संध्याकाळी त्याच जागी टोपलीत ठेवायचं, आई वासावर येते आणि उचलून नेते, असं स्वप्नाली सांगते. तोवर बसलीय त्याला ड्रॉपरने दूध पाजत. इकडे जिजी रडतेय. मी म्हटलं, बाय, पोटची कुठली ते तरी सांग. नुसती हसली.

४ डिसेंबर
आई आली नाही. पिल्लू परत आणलं, आणि त्याच्या अंगावर काय, तर माझी गोधडी. काकडत होतं म्हणे, हाताला तीच लागली. जिजीला साधं दुपटं आणि त्याला माझं लुगडं. नवऱ्याने दुसरी केली तेव्हासुद्धा एवढी जळले नव्हते.
संध्याकाळी टोपली पुन्हा शेतात न्यायला गाडी आली. सगळे चहा पीत होते. मी गोधडी काढली, आत गोणपाट कोंबलं, झाकण लावलं. धुतली असती तर थंडीत वाळली नसती, म्हणून नुसती झटकली आणि जिजीला गुंडाळली. कशी गाढ झोपली.

५ डिसेंबर
पिल्लू गेलं. डॉक्टर म्हणाला, गारठलं. टोपलीभोवती मोठे पंजे उमटलेत. आई आली होती, उशिरा. स्वप्नाली जेवली नाही.

६ डिसेंबर
नातजावई चैत्यभूमीला गेलाय. बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली, पण मन लागेना. अंगणात दोरीखाली पंजे आहेत. काल तिथेच गोधडी उन्हात टाकली होती.

७ डिसेंबर
सकाळी ती कुंपणाशी होती, पिल्लाची आई. गुरगुरत नाही. मांजर पिल्लाला बोलावते तसं, घशातून, हळू. जिजी हुंकार देते —
स्वप्नालीला सगळं सांगितलं. पांढरी पडली. मादी झाडीत गेल्यावर स्वप्नाली पिंजरा आणायला निघाली. दार उघडू नकोस, एवढंच म्हणाली.

दुपार
मादी परत आली. मी खिडकीतून गोधडी फेकली. हुंगली तिने. चाटली. वर बसली. म्हटलं, लुगडं गेलं तर गेलं —

उठली. गोधडी तिथेच टाकून खिडकीशी — वास आता जिजीच्या अंगाला —

पोरीला छातीशी धरलीय. ती माझ्याकडे बघतच नाही. जिजीकडे बघते. मी त्या टोपलीकडे बघायचे तशी —

खिडकीत नाही आता.
कौलं वाजतायत. जिजी वर बघून हसतेय, हात —