आईची कोंड्याची भाकरी

प्रिय रंजू,

फोन सोडून बाबाला पत्र कसं सुचलं, असं म्हणशील. फोनवर तुझा आवाज आला की तुझी आई शेजारी येऊन बसते आणि अर्धं बोलणं तीच खाते. म्हणून गिरणीची मोटार बंद करून इथेच लिहायला बसलोय.

आपली भाताची गिरणी जोरात आहे, ती तुझ्या कोंड्याच्या सल्ल्यामुळे. पूर्वी आपल्याला एवढंच ठाऊक, की तूस भट्टीला आणि तांदळावरचा कोंडा परसामागच्या गंगाबाईच्या म्हशींना. आता नवीन पनवेलच्या टॉवरमधल्या बायका गाडी लावून विचारतात, "अंकल, फ्रेश ब्रान आहे का?" मी म्हणतो, आहे, पण आजच मंद आचेवर भाजा, नाहीतर खवट होईल. मग तुझंच भाषण ठोकतो. पोट साफ राहतं, साखर आवरते, भाकरीच्या पिठात मूठभर घाला, थालीपिठात घाला, गूळतूप घालून लाडू वळा. परवा गंगाबाई दारातून ओरडली, "महादेवशेठ, माज्या म्हशीच्या तोंडचा घास या मॅडमांना इकता काय?" सगळं गिऱ्हाईक हसलं.

तू कोंडा खा म्हणालीस तेव्हा आई मात्र पहिल्यांदा तुझ्यावर चिडली होती, आठवतं? मी याच गिरणीत पोती उचलायचो तेव्हा मालक मजुरीबरोबर कोंडा द्यायचा, त्याच्या भाकऱ्या थापून तिने दिवस काढले होते. "गिरणीचं मालक झालं नि बायकोला परत कोंडाच?" म्हणाली. पण लेक शिकलेली, लेक सांगते म्हणजे खरं. खाल्ला, जुनी पोटाची तक्रार गेली, आणि तुझा शब्द तिला देवाच्या जागी झाला.

दिवाळीनंतर पोट पुन्हा अडलं. तिने भाकरीत कोंडा वाढवला. मग फुगारा, उलट्या. तुला ॲसिडिटी सांगितली ती तिच्या हट्टाने. तपासण्या झाल्यावर दोन डॉक्टर दाराबाहेर इंग्रजीत बोलत होते. माझं इंग्रजी उरणच्या बंदरातल्या ट्रकवाल्यांकडून ऐकून शिकलेलं, पण कान शाबूत आहेत. मला आत बोलावून गोड मराठीत सांगायच्या आधीच सगळं कळलं होतं. आतड्यात गाठ आहे, ती यकृतापर्यंत गेलीय, ऑपरेशनचा उपयोग नाही. मी एकच विचारलं, कोंड्याने झालं का? नाही म्हणाले, गाठ आधीपासूनची. तेव्हा रंजू, ते मनातून काढून टाक.

पण आता आतड्याची वाट इतकी चिंचोळी झालीय की कोंडा तिथेच अडकतो. पांढऱ्या तांदळाची गाळलेली पेज तेवढी चालते. तिला गाठीचं सांगितलेलं नाही, सांगायला माझी जीभ रेटत नाही. ती म्हणते, "माज्या लेकीनं सांगितलंय, डॉक्टरला काय कळतंय? पांढऱ्या भातानंच मी अशी झाली." मी घरातला कोंडा उचलून गिरणीत आणला. तर गंगाबाई म्हशीसाठी म्हणून रोज माझ्याकडूनच न्यायला लागली, आणि तो परसातून तुझ्या आईच्या तव्यावर! मी जेवायला घरी जातो तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. कण्हणं मला ऐकू जाऊ नये म्हणून पदर तोंडात धरते. मला ऐकू येतं.

गंगाबाईला बोललो, तर तीच रडायला लागली. "तिनं हात धरला महादेवशेठ, मी नाय कशी म्हणू?" मी ओरडून पाहिलं, पाया पडून पाहिलं. काही उपयोग नाही.

म्हणून तुला लिहितोय. ती फक्त तुझं ऐकेल. ये, तिच्याजवळ बस, आणि तुझ्या तोंडाने सांग, आई, आता कोंडा बंद, पेज खा. बरी होणार नाही, एवढंच की दुखणं थोडं कमी होईल. डॉक्टरांनी याहून जास्त काही कबूल केलेलं नाही. रजा लांबची काढ. आणि दारात आलीस की रडू नकोस, तिला वाटू दे तू सहजच आलीस.

तुझाच,
बाबा