तिसऱ्या जोडाखालचा निळा डाग

खंडेनवमी, २००६. संध्याकाळ.

पाणी भरून नळ्यांच्या जोडांखाली ठेवलेला कागद ओला होता. माझाच घामाचा हात लागला असेल? पण घाम निळा नसतो. तिसऱ्या जोडाखालीच, नखाएवढा डाग.

निफाडच्या एका बागायतदाराच्या मुलाला गेम खेळायला पाण्याने थंड होणारा कॉम्प्युटर हवाय. आमच्या दुकानात असा पहिलाच. निळ्या पाण्याच्या नळ्या कुठून कुठे जातील, सगळा आराखडा माझा. वीज लावण्याआधी एक दिवस नुसतं पाणी फिरवून बघायचं, हेही मीच लिहिलं होतं. शेठनी दसऱ्याचा मुहूर्त धरला आणि तो दिवस मीच खोडला. का खोडला?

आज त्यांना कागद दाखवला. "अगं, एवढ्याशा पाण्यात कोण बुडतं? जोड आवळ, झेंडूची माळ घाल. उद्या बटण तूच दाबायचं."

आईने तर गल्लीभर सांगितलंय, "आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट, तिच्या हातून मशीन चालू होणार!" दादांनीही लेकीसाठी सदरा इस्त्रीला दिलाय. आता नाही म्हणाले तर नोकरी जाईल. गप्प बसले तर त्या मुलाचं मशीन जळेल, माझ्याच बोटाने.

दादा द्राक्षबागांत ठिबकच्या नळ्या जोडतात. रात्रभर पाणी सोडून बघितल्याशिवाय एकही नळी मातीआड करत नाहीत. उद्या आल्या आल्या वाकून जोड बघतील आणि सगळ्यांसमोर विचारतील, "पोरी, पाणी सोडून पाह्यलं का?"

विचारावंच त्यांनी. मी तो कागद त्यांच्या हातात देईन. पर्समध्येच ठेवलाय. वाळला, पण डाग तसाच आहे.