ताण न दिलेला मोगरा

दारव्हा, चैत्रातला गुरुवार, संध्याकाळ

आज सूनबाई मोगऱ्यापाशी थांबून म्हणाली, "बाबा, नुसता पालाच वाढून राह्यला. कळी कुठं हाय? यंदा छाटलाच नाही काय?"

छाटला होता. पण छाटणीआधी पंधरा दिवस पाणी तोडून ताण द्यावा लागतो, तेव्हा कुठे तो फुलतो. दरसाल मीच देतो. यंदा मलूल पानं पाहिली अन् दवाखान्यात शेवटी पडलेली माझी शांता आठवली. डॉक्टरांनी तिचं पाणी बंद केलं होतं. "घोटभर द्या ना," म्हणे. मी नाही दिलं. घोटभरच तर मागत होती.

म्हणून मोगऱ्याले रोज बादलीभर ओतत गेलो. पुढच्या आठवड्यात तिला जाऊन वर्ष होते. फोटोले तिच्याच मोगऱ्याचा हार घालायचा होता. आता बाजारातून आणा लागन.

एवढं कळूनही आत्ताच पुन्हा पाणी घालून आलो.