डब्यात टाकलेलं पानी

बाबा, तुह्या जावयाले आठ दिवस चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं होतं. आता चंद्रपूर म्हनतेत, पन तुह्या तोंडी चांदाच होतं म्हनून चांदाच लिहिते. माहं शिक्षन चौथीपर्यंतचं, अन् वाचाले तू नाईस, म्हंजे चुका काढनारा कोनी नाई. लिहाचं कारन एकच. तिथी मी एक काम केलं, अन् ते मले तू शिकवलं होतं.

माहा बुढा घुग्घुसच्या खदानीतून रिटायर होऊन गावी आला तवापासून ठीक होता. यंदा दिवाळी झाली अन् त्याचे पाय सुजले. अंगठ्यानं दाबलं तं खड्डा पडे, अन् तो खड्डा किती वेळ भरेच ना. आडवं झालं की दम लागे, म्हनून भिंतीले टेकून बसूनच झोपे. पोरानं गाडी केली अन् नेलं. तिथी एक डॉक्टरीन, आपल्या नातीएवढी. म्हने, "आजी, यांचं हृदय थकलंय, त्यामुळे अंगात पाणी साचलंय. इंजेक्शन देऊन ते लघवीवाटे काढावं लागेल." इथपर्यंत मले समजलं. मंग तिनं कागद काढला. म्हने, आमचा एक अभ्यास सुरू आहे. अर्ध्या पेशंटना नेहमीसारखं इंजेक्शन, अन् अर्ध्यांची लघवी मोजायची, तिच्यातून मीठ किती निघतं ते तपासायचं, अन् त्यावर डोस ठरवायचा. कोणती पद्धत चांगली ते पाहायचंय. मी म्हनलं, "माह्या बुढ्याले कोनती?" म्हने, "ते कॉम्प्युटर ठरवतो." मी म्हनलं, "मंग तू कायले शिकली?" ती लाजली नाई, हासली. म्हने, "आजी, मी ठरवलं तर माझ्या आवडीचं ठरवीन. म्हणून मी नाही ठरवत." उत्तर सरळ होतं. सरळ उत्तर देनाऱ्या मानसाचा मले जास्त शक येते.

कागद चार पानांचा. तिनं पुरा वाचून दाखवला. नाई म्हनलं तरी इलाज होईन, मधात कवाही सोडता येईन, पैसे लागनार नाई. एवढं गोड कोनी फुकटात बोलत नाई. मी इचारलं, "आमच्यावरच काऊन अभ्यास? नागपूरवाल्यांची लघवी संपली का?" बाजूच्या खाटेवरची बाई तोंडाले पदर लावून हासाले लागली. बुढा म्हने, "तू गप राय व. मले दम लागून राह्यला अन् तू भांडून राह्यली." त्यानं सही केली. साक्षीदार म्हनून माही बी घेतली. मी हळूहळू, एकेक अक्षर पाहून केली, म्हंजे घाई करता येत नाई हे त्यांले दिसलं पाह्यजे.

कॉम्प्युटरनं त्याले मोजनाऱ्यात टाकलं. खाटेखाली रेघा मारलेला प्लास्टिकचा डबा. त्यातच कराचं, सिस्टर येऊन रेघ पाहे, कागदावर लिही, थोडी शिशीत घेऊन तपासाले धाडे. सकाळी वजनकाट्यावर उभं कराचं. पानी दिवसाले एकच बाटली, तिच्यातच चहा बी धराचा. सिस्टर मले म्हने, "लघवी मोकळी झाली अन् वजन उतरलं की सुट्टी." माह्या कानात पह्यलंच अर्धं गेलं. इकडे धान कापनीले आलं होतं, मजूर आज भेटते तं उद्या भेटत नाई. अन् मले वाटे, यांचा अभ्यास पुरा झाल्याबिगर हे याले सोडनार नाई. बांधलेलं जनावर कोन सोडते?

आता तुही गोष्ट. मी दहा वर्षांची आहे, आपन एटापल्लीकडच्या जंगलात बांबू तोडाले गेलो आहो. तू तोडतेस, माय छाटते, मी मोजून ढीग लावते, वीस-वीसचं बंडल. ठेकेदाराचा मुंशी येते, बंडलावर काठी मारत मोजते. रोज एखादं बंडल खराब म्हनून बाजूले काढते अन् ते आपल्या नावानं लिहीत नाई, पन संध्याकाळी टरकात तेही चढते. मंग एक दिवस तू मले बसवतेस अन् दाखवतेस, आखूड बांबू मधात कसा लपवाचा, बाहेरून चांगले कसे लावाचे, वेल कुठी बांधाची. म्हनतेस, "मोजनारा कवाच आपला नसते, पोरी. त्याच्या मोजन्यात आपलं मोजनं घालाचं." माह्या हातानं बांधलेलं बंडल मुंशीनं एकदाही खोललं नाई. तू खुश होऊन मले मोहाचे भाजलेले फुलं दिले होते, पानात बांधून. शाळेत मास्तरनं जे शिकवलं ते भुलली. हे नाई भुलली.

तं तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरची ड्युटी बदलत होती. बुढा तोंड धुवाले गेला होता. मी नळाचं पानी आनलं, दोन पेले, अन् डब्यात टाकलं. रेघ वर चढली. नवीन सिस्टर आली, पाह्यलं, म्हने, "अरे वा, बाबा, आज चांगली झाली." बुढ्याले बी बरं वाटलं. चौथ्या दिवशी पुन्हा टाकलं. एक डाव बंडल चाललं की दुसरं बांधाले भेव वाटत नाई.

त्याच दुपारी डॉक्टरीन कागद घेऊन आली. कपाळाले आठ्या. म्हने, "लघवी एवढी भरपूर, पण मीठ काहीच निघत नाही. वजनही उतरलं नाही." मंग बुढ्याकडे पाहून म्हने, "बाबा, चोरून पाणी पिता का?"

"नाई व बाई. मायची आन."

"रिपोर्ट खोटं बोलत नाही, बाबा."

तिनं इंजेक्शन वाढवाचं थांबवलं. म्हने, आधी पाणी तोडून पाहू. बाटली अर्धी केली. वार्डातल्या सगळ्यांनं आयकलं. बाजूच्या खाटेवरची तीच बाई आता आपला तांब्या उचलून पलीकडे ठेवे. खदानीत पस्तीस वर्षं काढलेला मानूस, कोनाची बिडी न इचारता घेतली नाई त्यानं, अन् तो पानीचोर झाला. जीभ ओठावरून फिरवे अन् बाटलीकडे पाहे. संध्याकाळपर्यंत दम वाढला, नाकाले ऑक्सिजन लावला. मले म्हने, "बुढे, तू तं इथीच बसली राहतेस. तू पाह्यलं का मले पेतांना?" मी त्याच्या पायावर अंगठा दाबून पाहत होती. खड्डा भरत नोता.

तवा तू आठवला, बाबा. तुहे बी पाय असेच झाले होते. तू बी धानाच्या ढोलीले टेकून बसूनच झोपे, अन् तसाच बसल्या बसल्या गेला. तुहं काई कोनी मोजलं नाई. तोंडाले चव नाई म्हने म्हनून मी तुले पेजेत मूठभर मीठ टाकून देत होती. मीठ पानी धरून ठेवते, हे मले त्या पोरीनं सांगतलं, कालपरवा.

मी उठली. डॉक्टरीन टेबलाजवळ उभी राहूनच जेवनाचा डबा खात होती. म्हनलं, "तो काई पेला नाई. लघवीत पानी मी टाकलं."

"कधी?"

"काल. अन् आज बी."

तिनं डब्याचं झाकन लावलं. मले वाटलं आता वरडन. म्हने, "का, आजी?" मी म्हनलं, "घरी जाचं होतं." मंग म्हने, "त्या आकड्यांवर मी त्यांचं औषध वाढवायचं थांबवलं होतं." आवाज चढवला असता तं मी बी चढवला असता. तिनं कागद घेतला अन् लिहाले लागली. मी इचारलं, काय लिहून राह्यली. म्हने, "खरं ते. दोन दिवसांचे आकडे चुकीचे, नातेवाईकांनी पाणी मिसळलं." मी म्हनलं, "मंग आता काढशीन का आमाले?" म्हने, "तुम्हाला सोडायचं तर सोडा, सही लागते. इंजेक्शन तर मी आत्ताच वाढवते, अभ्यासात असा की नसा." आम्ही राह्यलो. का राह्यलो ते इचारू नको. कदाचित तिच्या वहीतलं एक नाव कमी होऊ नये म्हनूनच ती चांगली वागली असन. मले अजून तसंच वाटते. पन पान्याची बाटली अर्धीची पुन्हा पुरी झाली, अन् दोन दिवसांत पाय उतरले. डब्याजवळ मंग मले कोनी जाऊ देत नोतं. सिस्टर आपल्या हातानं उचले अन् माह्याकडे पाहत पाहत मोजे.

जातांना डॉक्टरीनले म्हनलं, "त्याले सांगू नको." ती म्हने, "मी नाही सांगत. ते तुम्हीच सांगा." कोनती पद्धत बरी निंघाली ते इचारलं तं म्हने अजून मालूम नाई, बहुत लोकांचं पाहावं लागन. म्हंजे अजून डबे भरनं सुरूच आहे. भरू दे.

आता तो आंगनात खाटेवर बसते, आडवा होऊन झोपते बी. धान अर्धं झडलं, अर्धं घरात आलं. जो भेटाले येते त्याले एकच गोष्ट सांगते. त्या पोरीनं मले चोर ठरवलं, मशीनच बिघडली होती त्यांची, असेच लोक अभ्यास करतेत अन् आपल्यासारख्याले बदनाम करतेत. लोक म्हनतेत, हाव भाऊ, सरकारी दवाखान्याचं असंच राहते. ही चिठ्ठी मी तांदळाच्या पिंपात खाली ठेवनार आहे, तिथी त्याचा हात जात नाई. काल शेजारचा आला होता. पुरी गोष्ट सांगून बुढ्यानं माह्याकडे पाह्यलं अन् इचारलं, "पोरगी खोटीच बोलली ना व?"

मी म्हनलं, "हाव."